पंडिता रमाबाई : कोणत्याही मिशनमध्ये न मावलेली मिशनरी

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेजच्या पदवीदान समारंभात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकशास्त्राची पदवी प्रदान करण्यात आली. हा प्रसंग मराठी वाचकांना पाठ आहे. त्या समारंभासाठी कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी इंग्लंडहून आणखी एका मराठी स्त्रीला मुद्दाम निमंत्रण दिले होते, हे मात्र पुष्कळदा विसरले जाते. ती स्त्री वयाची अठ्ठाविशी पुरी न झालेली विधवा होती. पाच वर्षांची होऊ घातलेली मुलगी घेऊन तिने अटलांटिक ओलांडला होता. आनंदीबाईंशी तिचे दूरचे नातेही लागत होते. दोघींमध्ये अंतर होते ते एका गोष्टीचे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द देऊन आनंदीबाई अमेरिकेस गेल्या होत्या आणि तो त्यांनी पाळला. पंडिता रमाबाईंनी अडीच वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. त्यामुळे पुण्यात एकीच्या नावाचा जयजयकार होत होता आणि दुसरीचे नाव निघताच आवाज खाली येत असे.

आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. थोड्या मुक्कामासाठी आलेल्या रमाबाई मात्र अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. ख्रिस्ती मिशनचा प्रवाह तोवर एकाच दिशेने वाहत होता : पश्चिमेचा माणूस पूर्वेला जाऊन शिकवणार आणि पूर्वेचा माणूस ऐकणार. या तीन वर्षांत एका मराठी स्त्रीने तो उलटा फिरवून दाखविला. त्याची किंमत तिने पुढे आयुष्यभर मोजली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल धर्मसभेपुढे उभे राहून उत्तर देण्याची पाळीही त्यांच्यावर आली. पुढे हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत हिंडू लागले. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण ही तिघे काही महिन्यांच्या अंतराने गेली. उरलेल्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी उपाशीतापाशी, अनवाणी देश पालथा घातला. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या विशीच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचा बळी घेतला. तेव्हा कन्या मनोरमा दहा महिन्यांची होती.

त्याच वर्षी रमाबाई पुण्यास आल्या. त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. आपण स्वतः वैद्यक शिकावे असे त्यांच्या मनात होते. पुण्यातील पंचहौद येथे वाँटेजच्या अँग्लिकन मठातील भगिनींचे केंद्र होते. त्यांच्याशी झालेल्या ओळखीतून इंग्लंडचा मार्ग निघाला. जहाजाच्या भाड्याचे पैसे पुस्तकाच्या विक्रीतून आले. वाँटेजला राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची, असा करार त्यांनी आधीच करून घेतला होता. कोणाचे मिंधे व्हायचे नाही, हा त्यांचा स्वभाव येथेच दिसतो.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला पोहोचल्या. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये काही महिन्यांतच आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, या धक्क्याने रमाबाईंचे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. पुण्यात संतापाची लाट उसळली. जोतीराव फुले यांच्यासारखे मोजकेच लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. ‘सत्सार’च्या अंकात त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. परकीयांनी एका निराधार विधवेला भुलविले, असा सर्वसाधारण निष्कर्ष निघाला. पुढल्या तीन वर्षांत इंग्लंडमध्ये काय घडले हे पुण्याला ठाऊक असते, तर हा निष्कर्ष टिकला नसता.

लंडनजवळच्या फुलहॅम येथे मठाच्या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी काम करीत असत. ते पाहून रमाबाई हलल्या होत्या. ज्या स्त्रीला धर्मशास्त्रांनी दाराबाहेर उभे केले होते, तिला आत घेणारा धर्म त्यांना तेथे दिसला. त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारले ते या वाटेने. परंतु ख्रिस्ताबरोबर इंग्लंडचे चर्च, त्याचे बिशप, त्याचे मतपत्र आणि त्याचे रीतिरिवाज हे सारे एकाच गाठोड्यात घ्यावे लागते, हे त्यांना मान्य नव्हते. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटेना आणि त्यांनी ते लपविले नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. आपल्याला आणि आपल्या लोकांना जी भाषा कळत नाही ती अंगावर का वागवावी, असा त्यांचा प्रश्न होता. संस्कृत अक्षरे त्यांना चालली असती. इंग्लंडातही त्या शाकाहारीच राहिल्या, आणि मुलीच्या खाण्यात अंडे येऊ नये यावरही त्यांचा कटाक्ष असे. मठातल्या लोकांना हे सारे क्षुल्लक वाटले. खरे पाहता भांडणाचे मूळ तेथेच होते. ख्रिस्ती होण्यासाठी इंग्रज व्हावे लागत नाही, हे त्यांना सिद्ध करायचे होते, आणि ते सिद्ध करायची जागा ताट, पोशाख आणि भाषा हीच होती.

रमाबाईंना मुलीसारखे मानणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. १८८४पासून रमाबाई चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवीत होत्या. वाढत्या बहिरेपणामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न संपले होते. तेथील प्राचार्या डोरोथिया बील यांच्या मनात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असे होते. त्यावर हिंदुस्थानातील बिशपांचा सल्ला घेण्यात आला आणि बिशपांनी तीव्र नापसंती कळविली. त्यांच्या मते अशाने हिंदुस्थानात तिचे वजन कमी होईल. कलकत्त्याच्या पंडितसभेत, आसाम-बंगालमध्ये हजारो पुरुषांसमोर व्याख्याने दिलेल्या स्त्रीला हे ऐकवावे, हा प्रकार विनोदी होता आणि चीड आणणाराही. ब्राह्मण पुरोहितांच्या सत्तेतून मोठ्या कष्टाने बाहेर पडल्यानंतर आता दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या सत्तेखाली जाण्याची आपली इच्छा नाही, असे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळविले. सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. बील यांनी मात्र त्यांच्या शंकांना विद्वत्तेचा मान देऊन उत्तरे देण्याचा प्रयत्न केला. ज्या चर्चशी हा वाद झाला, त्याच इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत आज ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणाचा म्हणून नोंदलेला आहे.

अमेरिकेने त्यांना मोकळा श्वास दिला. तेथे राज्याचे म्हणून एक चर्च नव्हते, आणि स्त्रियांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्था गावोगाव होत्या. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपानविरोधी स्त्री-संघटनेचा व्याप पाहून त्या थक्क झाल्या. फ्रोबेलची बालशिक्षणपद्धती त्यांनी शिकून घेतली. १८८७ मध्ये फिलाडेल्फियात ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीचे बालपण, विवाह आणि वैधव्य यांचे निर्दय स्पष्टपणे केलेले ते वर्णन होते. त्यातच रखमाबाईंच्या खटल्याचा दाखला देऊन, या बाबतीत इंग्रज सरकारही सनातनी पुरुषांच्याच बाजूला उभे राहते, असा आरोप त्यांनी केला. पुस्तक झपाट्याने खपले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक होते आणि उपाध्यक्षांत वेगवेगळ्या पंथांची माणसे होती. देशभर ‘रमाबाई सर्कल’ निघाली. हिंदुस्थानात उच्चवर्णीय विधवांसाठी निघणारी शाळा दहा वर्षे चालविण्याचे वचन त्यांनी दिले. शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती होणार नाही, मुलींना आपापले जातिनियम पाळता येतील, ही अट रमाबाईंनी स्वीकारली. स्वतः ख्रिस्ती, देणगीदार ख्रिस्ती आणि शाळा धर्मनिरपेक्ष, असा तो प्रयोग होता.

मायदेशाच्या उणिवा परक्यांच्या सभेत सांगून मदत मागणे ही किती अवघड गोष्ट आहे, हे परदेशात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सांगितले नाही तर मदत मिळत नाही, आणि सांगितले तर ऐकणाऱ्याच्या मनातील श्रेष्ठत्वाच्या भावनेला खतपाणी मिळते. रमाबाईंच्या पुस्तकाने दोन्ही घडले. १८९५ मध्ये ब्रुकलिन येथील रमाबाई सर्कलच्या स्त्रिया आणि स्वामी विवेकानंद यांच्यात हिंदू विधवांच्या स्थितीवरून वृत्तपत्रांतून जो वाद झाला, तो याच पेचाचा परिणाम. विवेकानंदांना देशाची बदनामी दिसत होती, आणि रमाबाईंच्या डोळ्यांसमोर केशवपन केलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुली होत्या. या वादात कोणतीही एक बाजू पूर्णपणे चूक म्हणता येत नाही.

रमाबाईंनी या पेचाला दिलेले उत्तर त्यांच्या मराठी पुस्तकात सापडते. १८८९ मध्ये मुंबईत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झाले. इंग्रजी पुस्तकात त्यांनी अमेरिकनांना हिंदू घर दाखविले होते, मराठी पुस्तकात मराठी वाचकाला अमेरिका दाखविली. इंग्लंडचे जोखड फेकून दिलेला देश म्हणून त्यांनी अमेरिकेचे कौतुक केले. ते कोणासाठी लिहिले आहे हे चाणाक्ष वाचकाला कळण्यासारखे होते. शिक्षण, दानधर्म, स्त्रियांचे उद्योग यांवर त्यांनी भरभरून लिहिले. त्याचबरोबर कृष्णवर्णीयांशी होणारा भेदभाव, मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि अमेरिकन स्त्रीलाही न मिळालेला मताधिकार यांकडे त्यांनी डोळेझाक केली नाही. मिशनरी हिंदुस्थानाविषयी अहवाल लिहीत, त्या काळात एका हिंदी स्त्रीने मिशनऱ्यांच्या देशाविषयी हा अहवाल लिहिला. मराठी प्रवासवर्णनांत त्याला मिळायला हवे ते स्थान अजूनही मिळालेले नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू ही बालविधवा होती. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार झाली. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले, आणि तेथे संकट आले.

रमाबाई रोज पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलाविले नाही, पण दारही लावले नाही. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. सल्लागारांनी दार लावण्याची विनंती केली. स्वतःच्या घरात स्वतःची उपासना झाकून करायची नाही आणि मुलींना आईजवळ येण्यापासून रोखायचे नाही, या भूमिकेवर रमाबाई अडून बसल्या. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या.

या प्रसंगात दोन्ही बाजूंना विश्वासघात झाल्यासारखे वाटले आणि दोघांकडेही कारणे होती. निराधार मुलींच्या लेखी ज्या बाईंनी त्यांना अन्न, निवारा आणि अक्षरे दिली, त्यांची उपासना ही अनेक मतांपैकी एक असे राहूच शकत नव्हते. सक्ती नव्हती, ओढ मात्र होती. ही ओढ सक्तीपेक्षा बलवान असू शकते हे रानड्यांना दिसले. रमाबाईंनी ते मनावर घेतले नाही. उलट, ज्या सुधारकांनी स्वतःच्या घरातील विधवांसाठी फारसे काही केले नव्हते, त्यांनी दारावर पहारा मागावा याचा रमाबाईंना राग आला असेल, तर तोही समजण्यासारखा आहे. बोस्टनच्या मंडळाने त्यांच्यावरचा विश्वास काढून घेतला नाही. गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला होता. पुढे १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी हिंदू समाजाला विश्वासाने मुली पाठविता येतील अशी संस्था काढली. शारदा सदनाच्या यशाचा आणि अपयशाचाही धडा तिच्यात होता.

१८९६च्या दुष्काळाने रमाबाईंचे आयुष्य पुन्हा फिरविले. मध्य प्रांतातील बातम्या वाचून त्या स्वतः तेथे गेल्या. त्यांनी आपल्या मृत आईवडिलांचीच अवस्था तेथे पाहिली. शेकडो मुली त्यांनी पुण्यास आणल्या. तेवढ्यात प्लेग आला, शहरात इतक्या मुली ठेवता येईनात. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे, बोस्टनची मदत संपल्यावर उत्पन्न असावे म्हणून, त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. तेथे प्रथम तंबू पडले, मग इमारती उठल्या. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल १८९७ मध्ये त्यांनी सरकारवर जाहीर टीका केली. सरकारने ती फेटाळली, पण त्या मागे हटल्या नाहीत. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या. दहा वर्षांचा करार संपला होता. केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते, पण कोणत्याही पंथाच्या किंवा परदेशी मिशन मंडळाच्या ताब्यात नव्हते. १९००च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, दुग्धशाळा, छापखाना ही सारी कामे स्त्रियाच करीत. मनोरमेने अंध स्त्रियांसाठी ब्रेलचे वर्ग चालविले. जातीचा प्रश्न येथे राहिला नाही. शारदा सदनात तो पाळावा लागला होता.

१९०५ मध्ये केडगावला मोठी धर्मजागृती झाली. मुली रात्र रात्र प्रार्थना करीत. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील प्रसिद्ध पेंटेकोस्टल जागृतीच्या आदल्या वर्षीची ही घटना. रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर एक पुस्तिका लिहिली आणि ती चिलीतील वाल्पाराइसो येथे राहणाऱ्या आपल्या शिकागोच्या वर्गमैत्रिणीला, मे हूव्हर यांना, पाठविली. मे यांचे पती तेथे मेथॉडिस्ट पास्टर होते. त्या वाचनातून सुरू झालेल्या प्रार्थनांतून १९०९ मध्ये चिलीची पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली. दौंड तालुक्यातील एका माळरानावरची बातमी दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली आणि तिने तेथील चर्च बदलले. लंडन किंवा न्यूयॉर्कच्या कोणत्याही मिशन कार्यालयाने ही योजना आखलेली नव्हती.

अखेरची सतरा-अठरा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. प्रचलित भाषांतर त्यांना दोन कारणांनी खटकत होते. एक म्हणजे त्याची संस्कृतप्रचुर भाषा केडगावच्या मुलींना कळत नव्हती. दुसरे म्हणजे त्यातील अनेक शब्द हिंदू दर्शनांतून आलेले होते आणि ते आपला जुना अर्थ सोबत आणीत होते. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मुळापासून भाषांतर केले. संस्कृतवर अधिकार गाजविणाऱ्या पंडितेने आपल्या लेखणीतून संस्कृत वेचून बाहेर काढले, यासारखा त्याग तिच्या आयुष्यात दुसरा नसेल. मात्र या हट्टामुळे भाषा जागोजागी अवघडली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. एकंदरीतच केडगावच्या रमाबाई अमेरिकेतल्या रमाबाईंपेक्षा आग्रही होत्या. बाहेरच्या मराठी विचारविश्वाशी त्यांचा संवाद जवळजवळ तुटला होता, आणि तो तुटण्यात त्यांचाही वाटा होता.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईमागून संस्था चालवायची तीच होती. रमाबाईंना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. त्या भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. खिळे जुळविणाऱ्या, कागद ओढणाऱ्या, पाने शिवणाऱ्या स्त्रिया दुष्काळातून आलेल्या होत्या. त्यांतल्या कित्येकींनी अक्षर पहिल्यांदा केडगावलाच पाहिले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. त्याच छापखान्यातून ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.